अभ्यासक्रमाबाहेरचा वाचक

इंटरच्या परीक्षेत एकदा नव्हे, अनेकदा नापास झालेला एक तरुण पुढे महाविद्यालयात प्राध्यापक झाला, त्याच महाविद्यालयाचा प्राचार्य झाला आणि मराठीतील अव्वल दर्जाच्या विचारवंतांत त्याची गणना होऊ लागली. नरहर अंबादास कुरुंदकर यांच्या आयुष्याची ही हकिगत मराठवाड्यात आजही कौतुकाने सांगितली जाते. कौतुकाच्या भरात तिच्यातला खरा प्रश्न मात्र बाजूला पडतो. बुद्धीने इतका तल्लख असलेला मुलगा नापास का होत होता? उत्तर साधे आहे. परीक्षेसाठी जे वाचायला हवे होते ते तो वाचत नव्हता आणि जे वाचत होता त्याची परीक्षा कोणी घेत नव्हते. आनंदासाठी वाचणे ही गोष्ट तो फार लवकर शिकला होता आणि तिची किंमतही त्याने पुरेपूर मोजली.

कुरुंदकरांचा जन्म १५ जुलै १९३२ रोजी नांदापूर या गावी, आजोळी झाला. घराणे मूळचे वसमत तालुक्यातील कुरुंदा गावचे. ही दोन्ही गावे त्या वेळी परभणी जिल्ह्यात आणि निजामाच्या हैदराबाद संस्थानात होती. १ मे १९९९ रोजी परभणीचे विभाजन होऊन हिंगोली जिल्हा अस्तित्वात आला, तेव्हा कुरुंदकरांना जाऊन सतरा वर्षे लोटली होती. आज मात्र हा जिल्हा त्यांना आपला सुपुत्र म्हणून अभिमानाने मिरवतो आणि ते रास्तच आहे.

या मुलखाला शब्दांची परंपरा नवी नाही. संत नामदेवांचे नरसी याच जिल्ह्यात आहे. त्यांना विसोबा खेचरांकडून बोध झाला ते औंढ्याचे नागनाथ देवालयही येथलेच, असे परंपरा सांगते. पण या परंपरेत शब्द प्रामुख्याने कानांनी ग्रहण करायचा होता. कीर्तनात उभे राहून तो ऐकायचा, श्रावणात देवळाच्या ओसरीवर बसून पोथीतून ऐकायचा. गावात एखाद्यालाच वाचता येई. तो हरिविजय किंवा पांडवप्रताप लावी आणि उरलेले गाव ऐके. श्रोते पुण्यासाठी जमत हे खरे, पण भीम बकासुराच्या गाड्यावर बसून निघाला की पुण्याचा हिशेब कोणाच्या ध्यानात राहत नसे. गोष्टीत रमण्याचा आनंद या मातीला ठाऊक होता. एकट्याने, मनातल्या मनात, आपल्या निवडीचे पुस्तक वाचण्याची सोय तेवढी नव्हती.

ती सोय नसण्यामागे राजकीय कारणही होते. संस्थानाचा कारभार उर्दूत चाले. १९१८ साली स्थापन झालेल्या उस्मानिया विद्यापीठाचे माध्यमही उर्दूच होते. बहुसंख्य प्रजेची भाषा मराठी, तेलुगू किंवा कानडी, पण त्या भाषांना राजदरबारी स्थान नव्हते. सभा-संमेलनांसाठी पूर्वपरवानगी बंधनकारक करणारा गश्ती निशाण ५३ हा हुकूम मराठवाड्यातील जुन्या पिढीच्या चांगलाच स्मरणात होता. अशा वातावरणात वाचनालय काढणे ही साधी सांस्कृतिक हौस राहिली नाही. परभणीचे गणेश वाचनालय १९०१ सालचे. अशा संस्थांमधून पुण्या-मुंबईची वृत्तपत्रे आणि पुस्तके येत, त्यांच्या निमित्ताने माणसे एकत्र बसत आणि बोलत. हैदराबाद संस्थानातील राजकीय जागृतीचा इतिहास वाचनालयांना वगळून लिहिता येत नाही. पुस्तक सहज मिळत नव्हते, म्हणूनच ते हाती येणे हा एक प्रसंग असे.

वसमतला शालेय शिक्षणाची सुरुवात झाल्यावर कुरुंदकर पुढील शिक्षणासाठी हैदराबादला मामांकडे गेले. हे मामा म्हणजे डॉ. ना. गो. नांदापूरकर. उर्दू माध्यमाच्या उस्मानिया विद्यापीठात मराठीचे अध्यापन करणारे ते विद्वान होते. मुक्तेश्वर आणि मोरोपंत या दोन कवींनी रचलेल्या भारतांचा तौलनिक अभ्यास हे त्यांचे प्रमुख कार्य. भाच्याच्या पुढच्या आयुष्याकडे पाहिले म्हणजे या घराचे महत्त्व ध्यानात येते. महाभारत हा कुरुंदकरांच्या जन्मभराच्या चिंतनाचा विषय झाला. त्यांचे त्यासंबंधीचे लेखन ‘व्यासांचे शिल्प’ या नावाने पुढे ग्रंथरूपात आले.

वाचनाची गोडी उपदेशाने लागत नाही, ती संगतीने लागते, असे आपण म्हणतो. या संगतीचा अर्थ नेमका काय, हे अशा घरावरून समजते. मोठी माणसे पुस्तकांविषयी आपापसांत मनापासून बोलत असतात, एखाद्या पात्राच्या वर्तनावरून वाद घालतात, एका ओवीचे दोन अर्थ लावून पाहतात आणि घरातले मूल ते ऐकत असते. त्या मुलाला कोणी वाच म्हणून सांगितलेले नसते. मोठ्यांना इतके रंगून जावे असे त्या पुस्तकांत आहे तरी काय, एवढे कुतूहल त्याला पुरेसे होते. ज्या घरात पुस्तके आहेत पण पुस्तकांविषयी बोलणे नाही, तेथे ती कपाटाची शोभा होऊन राहतात.

कुरुंदकरांच्या कुमारवयातच संस्थानात वादळ उठले होते. स्वामी रामानंद तीर्थ यांच्या नेतृत्वाखालील मुक्तिलढ्याशी ते विद्यार्थिदशेतच जोडले गेले. १७ सप्टेंबर १९४८ रोजी हैदराबाद भारतात विलीन झाले, तेव्हा ते सोळा वर्षांचे होते. या वयात ज्याने एक राज्य कोसळताना पाहिले, त्याच्या मनात पाठ्यपुस्तकांत न मावणारे प्रश्न उभे राहणे स्वाभाविक होते. राज्य म्हणजे काय? धर्माचा आणि राज्याचा संबंध कसा असावा? बहुसंख्य प्रजा एका राजवटीखाली इतकी वर्षे का राहते आणि एके दिवशी का उठते? पुढे ‘शिवरात्र’, ‘जागर’ यांसारख्या ग्रंथांत त्यांनी धर्मनिरपेक्षता, लोकशाही आणि जातीयवाद यांची जी परखड चर्चा केली, तिची मुळे याच अनुभवात होती. प्रश्न आपला स्वतःचा असला की जाडजूड ग्रंथही कंटाळवाणा वाटत नाही. कुरुंदकरांच्या वाचनाला रसिकतेइतकीच ही निकडही होती.

मॅट्रिकनंतर हैदराबादला महाविद्यालयात असताना ही निकड आणि परीक्षा यांचा सरळ सामना झाला. इतिहास, तत्त्वज्ञान, साहित्यशास्त्र, राजकारण, धर्मशास्त्र असे वाचन चारी दिशांनी वाढत होते आणि इंटरची परीक्षा त्या वाचनाच्या वाटेवर कोठेच नव्हती. अपयश पदरी पडत गेले. त्या काळच्या मध्यमवर्गीय घरात मुलाचे वारंवार नापास होणे म्हणजे काय, हे वेगळे सांगायला नको. पदवी म्हणजे नोकरी आणि नोकरी म्हणजे घराचा आधार, हे समीकरण तेव्हाही होते. शेवटी पदवी न घेताच ते नांदेडला आले आणि १९५५च्या सुमारास प्रतिभा निकेतन या शाळेत शिक्षक झाले. पदव्युत्तर वर्गातले विद्यार्थी या इंटर नापास शिक्षकाकडे शंका विचारायला येत, असे त्यांच्या संबंधात सांगितले जाते.

या हकिगतीचा मोह मोठा आहे. नापास होणे हे प्रतिभेचे लक्षण असल्यासारखे तिचे वर्णन केले जाते. कुरुंदकरांनी स्वतः मात्र तसे मानलेले दिसत नाही. नांदेडला स्थिरावल्यावर त्यांनी पुन्हा परीक्षा दिल्या, बी.ए. झाले, मराठी विषय घेऊन एम.ए. झाले. साठच्या दशकात ते नांदेडच्या पीपल्स कॉलेजमध्ये मराठीचे अध्यापक म्हणून रुजू झाले आणि पुढे तेथेच प्राचार्य झाले. १९५० साली स्थापन झालेले हे महाविद्यालय स्वामी रामानंद तीर्थ यांच्या प्रेरणेने उभे राहिले होते. म्हणजे परीक्षेची गरज त्यांनी नाकारली नाही. आपल्या वाचनाचा ताबा तेवढा तिच्या हाती दिला नाही. हा फरक लहान वाटला तरी त्यांचे सारे आयुष्य त्यावर उभे आहे.

वाचताना मनात काय घडते?

कुरुंदकरांचा ‘रिचर्ड्सची कलामीमांसा’ हा ग्रंथ १९६३ साली प्रसिद्ध झाला. आय. ए. रिचर्ड्स हे केंब्रिजचे समीक्षक. कविता वाचताना वाचकाच्या मनात नेमके काय घडते, हा प्रश्न त्यांनी मानसशास्त्राच्या अंगाने हाताळला. त्यांचा एक प्रयोग प्रसिद्ध आहे. कवीचे नाव न सांगता त्यांनी विद्यार्थ्यांच्या हाती कविता दिल्या आणि अभिप्राय लिहायला सांगितले. नावाचा आधार काढून घेताच चांगले शिकलेले विद्यार्थीही चाचपडू लागले. साधा अर्थ चुकला, नामवंत कवींच्या रचना टाकाऊ ठरल्या आणि सामान्य रचनांची वाहवा झाली. या प्रयोगावरील रिचर्ड्स यांचा ग्रंथ १९२९ साली निघाला आणि साहित्याच्या अध्यापनाची दिशाच त्याने बदलली.

नांदेडसारख्या ठिकाणी बसून एका मराठी शिक्षकाने रिचर्ड्स यांच्या विचारांची चिकित्सा करावी, हे वरवर पाहता आश्चर्याचे वाटते. पण विषयाची निवड कुरुंदकरांच्या प्रकृतीला धरूनच होती. वाचनाचा आनंद हा केवळ विरंगुळा आहे, की त्यातून मनाची काही घडण होते? हा आनंद जीवनातील इतर अनुभवांहून वेगळ्या जातीचा आहे, की त्यांचाच अधिक सुसंघटित प्रकार आहे? रिचर्ड्स दुसऱ्या बाजूला झुकतात. कुरुंदकरांनी त्यांची भूमिका आधी नीट समजून घेतली आणि मग तपासली. भरताच्या नाट्यशास्त्राचाही त्यांचा व्यासंग दांडगा होता. त्यामुळे रसाची भारतीय चर्चा आणि पाश्चात्त्य समीक्षा या दोन्ही वाटांनी ते एकाच प्रश्नाकडे येऊ शकले. पाठोपाठ १९६४ साली ‘रूपवेध’ आला. ‘धार आणि काठ’मध्ये मराठी कादंबरीच्या प्रवाहाचा वेध त्यांनी घेतला. कादंबरी वेळ घालवण्यासाठी वाचायची असते, असे मानणाऱ्यांना आणि कादंबरी वाचणे म्हणजे वेळ घालवणे, असे मानणाऱ्यांना हा ग्रंथ सारखाच उपयोगी आहे.

न पटणारी पुस्तके

कुरुंदकरांच्या वाचनाचा दुसरा विशेष असा की, न पटणारी पुस्तकेही ते तितक्याच आस्थेने वाचत. आपल्या मताला दुजोरा देणारे वाचण्यात एक सुख असते, पण ते लवकर शिळे होते. मनुस्मृती हे याचे ठळक उदाहरण. समतेचा पुरस्कार करणाऱ्या कुरुंदकरांना या ग्रंथातील समाजव्यवस्था सर्वस्वी अमान्य होती. तिच्याविषयी बोलताना मात्र त्यांनी केवळ निषेध करून विषय संपवला नाही. ग्रंथ कशासाठी रचला गेला, त्याची अंतर्गत रचना काय आहे, त्याचे समर्थक कोणते युक्तिवाद करतात आणि ते कोठे तोकडे पडतात, हे त्यांनी एकेक करून उलगडले. त्यांच्या या विवेचनाचा इंग्रजी अनुवादही पुढे प्रसिद्ध झाला.

उलट बाजूने महाभारत पाहावे. कुरुंदकर निरीश्वरवादी होते, मार्क्सच्या विचारांचा त्यांच्यावर खोल ठसा होता. तरीही महाभारताकडे ते पुन्हा पुन्हा वळले. श्रद्धा नसताना हा ग्रंथ का वाचावा, हा प्रश्न त्यांना पडला नाही, कारण माणसांचे इतके गुंतागुंतीचे, इतके निर्दय आणि इतके करुण चित्र त्यांना तेथे दिसत होते. पोथी लावणाऱ्या गावाने ज्या कथेत पुण्य शोधले, त्याच कथेत या गावच्या मुलाने माणूस शोधला.

सामान्य मराठी वाचकाला कुरुंदकरांची ओळख बहुधा एका कादंबरीमुळे झाली. रणजित देसाई यांची ‘श्रीमान योगी’ १९६८ साली आली. तिच्या लेखनाच्या निमित्ताने देसाई यांना कुरुंदकरांनी दीर्घ पत्र लिहिले आणि ते प्रस्तावनेच्या रूपाने कादंबरीला जोडले गेले. शिवचरित्राची साधने कोणती, त्यांत परस्परविरोध कोठे आहे, आख्यायिकेचे वजन किती धरावे, कादंबरीकाराने कोठे स्वातंत्र्य घ्यावे आणि कोठे घेऊ नये, याचा असा ऊहापोह मराठी वाचकाच्या घरात सहसा पोहोचत नाही. भक्तिभावाने कादंबरी उघडणाऱ्या असंख्य वाचकांना या पत्राने विचार करायला लावले. शिवाजी महाराजांच्या थोरवीला चिकित्सेने बाध येत नाही, ती अधिक उजळून निघते, असा प्रत्यय त्यातून येतो. काही वाचकांना तर कादंबरीइतकीच ही प्रस्तावना पुन्हा पुन्हा वाचावीशी वाटते.

बोलणारा वाचक

स्वतः वाचून तृप्त होणारे वाचक पुष्कळ असतात. कुरुंदकरांना ते पुरत नव्हते. वाचलेले सांगितल्याशिवाय त्यांचे वाचन पुरे होत नसे. वर्गात, मित्रांच्या बैठकीत, राष्ट्र सेवा दलाच्या शिबिरात, लहान गावांतील व्याख्यानमालांत ते अखंड बोलले. पुण्या-मुंबईकडे बिऱ्हाड हलवले असते तर प्रतिष्ठा अधिक मिळाली असती, पण त्यांनी नांदेड सोडले नाही. मराठवाड्यात त्या काळी ग्रंथालये थोडी आणि पुस्तके विकत घेण्याची ऐपत त्याहून थोडी. अशा प्रदेशात वाचलेल्या ग्रंथाचा आशय सोप्या पण पातळ न केलेल्या भाषेत सांगणारा माणूस हेच एक चालते ग्रंथालय होते. नामदेवांनी कीर्तनातून जे केले, त्याचा हा धर्मनिरपेक्ष अवतार म्हटला तर तो अतिशयोक्तीचा दोष ठरू नये.

या स्वभावाचे काही तोटेही झाले. त्यांच्या निबंधांत तळटीपांचा पसारा फारसा नसतो; काटेकोर संशोधकाला तो उणेपणा वाटतो. एखादे विधान ते इतक्या ठामपणे करतात की वाचकाने आधी दचकावे आणि मग विचार करावा. बोलण्यात गेलेला वेळ लेखनाला मिळाला असता तर एखादा सलग, बृहत् ग्रंथ त्यांच्या हातून झाला असता, अशी हळहळ अनेकांनी व्यक्त केली आहे. ती समजण्यासारखी आहे. त्यांच्या नावावरील ग्रंथांपैकी कितीतरी त्यांच्या पश्चात, विखुरलेले लेख आणि व्याख्याने गोळा करून सिद्ध झाले.

१० फेब्रुवारी १९८२ रोजी औरंगाबाद येथे (आजचे छत्रपती संभाजीनगर) एका कार्यक्रमात व्यासपीठावरच हृदयविकाराने त्यांचा अंत झाला. वयाची पन्नाशीही पूर्ण झाली नव्हती. ज्याने आयुष्यभर वाचले आणि वाचलेले लोकांपुढे मांडले, त्याला मृत्यूही श्रोत्यांसमोरच यावा, हा योग मराठवाडा विसरलेला नाही.

कुरुंदकरांच्या काळात हैदराबाद राज्याने १९५५ साली सार्वजनिक ग्रंथालयांचा कायदा केला. १९६७ साली महाराष्ट्राचा कायदा आला. गावोगावी ग्रंथालये झाली, त्यांना अनुदाने मिळू लागली. २०१५पासून १५ ऑक्टोबर हा दिवस वाचन प्रेरणा दिन म्हणून शाळाशाळांत साजरा होतो. पुस्तक मिळणे आता पूर्वीइतके दुर्घट नाही. बोटाच्या टोकाशी ते उपलब्ध आहे. तरीही मुले वाचत नाहीत ही तक्रार शहरातल्या प्रत्येक घरात ऐकू येते आणि ती करणाऱ्या घरात शेवटचे पुस्तक केव्हा वाचले गेले, हे बहुधा कोणालाच आठवत नसते.

आपण मुलांच्या हाती पुस्तक देतो ते बहुधा कसल्यातरी तयारीसाठी: भाषा सुधारावी, सामान्यज्ञान वाढावे, स्पर्धा परीक्षेत उपयोग व्हावा. मुले चतुर असतात. वेष बदलून आलेला अभ्यासक्रम त्यांना लगेच ओळखता येतो. कुरुंदकरांच्या आयुष्यातून घ्यायचेच असेल तर नापास होणे घेण्याचे कारण नाही. घ्यायचे आहे ते त्यांच्या भोवतीचे वातावरण: पुस्तकांवर बोलणारी मोठी माणसे, स्वतःचे प्रश्न पडण्याची मोकळीक, न पटणारे पुस्तकही हाती घेण्याचे धैर्य आणि वाचलेले ज्याला सांगावे असा एखादा तरी श्रोता. यांपैकी एकाही गोष्टीला पैसा लागत नाही. वेळ मात्र लागतो आणि तो आपण मुलांना द्यायला कचरतो.

वसमत तालुक्यातील कुरुंदा गावी आज शाळेत जाणाऱ्या मुलाला या नावाची ओळख एखाद्या जयंतीच्या दिवशी फलकावरून होत असेल. फलकावर जन्मतारीख असते, ग्रंथांची नावे असतात. हे सारे ग्रंथ लिहिणारा माणूस अभ्यासाला नेमलेली पुस्तके बाजूला ठेवून, न नेमलेली पुस्तके वाचण्यात रात्री घालवत होता, हेही कोणीतरी त्या मुलाला सांगायला हवे. ते ऐकून त्याने गावच्या ग्रंथालयात जाऊन कसलेही, अगदी कसलेही एक पुस्तक केवळ आवडले म्हणून घरी आणले, तर कुरुंदकरांचे स्मारक त्या दिवशी खऱ्या अर्थाने उभे राहिले असे समजावे.